आत किती जण?

माझ्या घरात कुणाचंही दार मी न वाजवता उघडत नाही. तीनदा वाजवतो, थांबतो, आतून उत्तर आलं की मगच कडीला हात लावतो. माझी मुलगी शमिका अकरा वर्षांची होती तेव्हापासून तिलाही ही सवय लावली. मी टक टक टक केलं की तिने आतून एकदा टक करायचं. म्हणजे आत एक जण आहे आणि शुद्धीवर आहे. तिची आई, कुंदा, कपाळावर हात मारायची. "अहो, घर आहे हे, जहाज नव्हे!" पण शमिकाला तो खेळ वाटायचा. मैत्रीण आली असली की दोन ठोके यायचे. एका वाढदिवसाला अकरा आले, आणि अकरावा ठोका कुणी मारायचा यावरून आत जुंपलेली मी बाहेर उभा राहून ऐकली. कुंदा गेली त्याला चार वर्षं झाली. शमिका आता तीस वर्षांची आहे, लग्न झालंय, जावई निनाद विशाखापट्टणमला नोकरीला असल्यामुळे ती बहुतेक वेळ माझ्याकडेच असते, आणि अजून एक ठोका देते.

सवय नौदलातली. मी विश्राम सारंग, निवृत्त मास्टर चीफ. शेवटची चौदा वर्षं मी फक्त शिकवलं. काय शिकवलं? जहाजाला मार बसल्यावर ते बुडू कसं द्यायचं नाही, हे. त्याला आम्ही डॅमेज कंट्रोल म्हणतो. लोकांना वाटतं, भोक पडलं की जहाज बुडतं. डोंबल! जहाज म्हणजे एकमेकांना चिकटलेले पोलादी कप्पे. एका कप्प्यात पाणी शिरलं आणि तिथेच राहिलं, तर जहाज जरा खाली बसतं आणि चालत राहतं. जीव घेतं ते पसरणारं आणि हलणारं पाणी. घरी करून बघा. कळशीभर पाणी काखेत घेऊन चाला, काही होत नाही. तेच पाणी परातीत ओतून चाला. तुम्ही जरा कललात की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं, त्याने परात आणखी कलते, आणि पुढचं तुम्हीच पुसून काढा. जहाजाच्या रुंद कप्प्यात कमरेएवढं पाणी मोकळं हिंडलं की असंच होतं. त्यात वर आग लागलेली असते. ती विझवायला आपणच वरच्या मजल्यांवर टनांनी पाणी मारतो आणि जहाज डोक्याकडून जड करून ठेवतो. आग विझली आणि आपल्याच पाण्याने जहाज पालथं झालं, असंही घडलेलं आहे. केबल जळाल्या की वीज जाते, वीज गेली की पंप थांबतात. म्हणून पहिलं काम एकच असतं, दार लावणं. ताबडतोब.

पण दार लावण्याआधी तीन ठोके द्यायचे, थांबायचं, आणि आत कुणी असेल तर त्याने आत किती जण आहेत तेवढे ठोके द्यायचे. हा माझा नियम. पुस्तकात नव्हता. बावीस तुकड्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटून मी तो शिकवला. का शिकवला, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. कुंदालाही नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी 'तिलारी' नावाच्या फ्रिगेटवर होतो, जहाजाच्या मागच्या भागाचा डॅमेज कंट्रोल प्रमुख. एका छोट्याशा चकमकीत आम्हाला एक क्षेपणास्त्र लागलं. धूर, काळोख, पायाखाली पाणी. जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा ज्या कप्प्यातून जातो, त्याला आम्ही शाफ्टचा कप्पा म्हणतो, त्यात पाणी भरत होतं. आत बाबल मोंडकर गेला होता. माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा, माझ्या लग्नात पंगत वाढताना माझ्याच सासऱ्यांच्या अंगावर सोलकढी सांडणारा बाबल. मी झडपेवर, म्हणजे त्या कप्प्याच्या पोलादी दारावर, उभा होतो. वरून हुकूम आला, बंद करा. मी बंद केली. ठोकलं नाही. घाई होती म्हणून नव्हे. तीन ठोक्यांना वेळ तो किती लागतो? मी ठोकलं नाही, कारण आतून उत्तर आलं असतं तर मला झडप लावता आली नसती. जहाज वाचलं, एकशे साठ माणसं घरी गेली, मला पदक मिळालं. पाणी उपसल्यावर तिसऱ्या दिवशी बाबल सापडला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, लगेच गेला असणार. त्या 'असणार'वर मी एकोणीस वर्षं काढली.

आता शमिकाच्या कामाबद्दल. वाघोटनच्या खाडीकाठी नवी गोदी झाली, तिथल्या प्रयोगशाळेत ती आहे. तिने एक दाणा बनवला. दिसायला जाड मिठाच्या खड्यासारखा. कप्प्यांच्या भिंतींतून बारीक नळ्या फिरवलेल्या असतात, त्यांत हे दाणे भरून ठेवायचे. कप्पा फुटला की नळ्या दाणे आत फेकतात. खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की प्रत्येक दाणा आठ सेकंदांत साठपट फुगतो, शेजारच्या दाण्याला चिकटतो, आणि अख्खा कप्पा हलक्या, टणक फेसाने ठासून भरतो. मग पाण्याला आत जागाच उरत नाही, हिंडायचं तर सोडाच. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव आहे. खलाशांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, लाह्या.

लाह्यांनी जहाज जवळजवळ न बुडणारं झालं. फक्त, ज्या कप्प्यात लाह्या फुटतात तिथे माणूस असेल, तर तो उरत नाही.

मी म्हटलं, "आधी ठोका."

सकाळची वेळ होती. मी घावणे केले होते. शमिकाने ताट पुढे सरकवलं आणि नुसता कोरा चहा घेतला. आठवडाभर तिचं असंच चाललं होतं, चाचणीचं टेन्शन असेल म्हणून मी गप्प होतो.

"बाबा, यंत्राला ठोकायला लावता येतं," ती म्हणाली. "भिंतीवर छोटी हातोडी बसवायची. काचेचा धागा भिंतीभर फिरवलेलाच आहे, भिंत केसभर थरथरली तरी त्याला कळतं. तो उत्तर ऐकेल. पण तीन ठोके आणि वाट बघणं, धरून अकरा सेकंद जातात."

"मग जाऊ देत की. अकरा सेकंदांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"मध्यम भोकातून सेकंदाला दोन-अडीच टन पाणी येतं. चार कप्पे फुटले तर अकरा सेकंदांत शंभर टन. आणि पाणी गुडघ्याच्या वर चढलं, की लाह्या त्याच्यावर तरंगतात, खाली पाणी मोकळंच राहतं. तुझी परात! तूच शिकवलंस ना मला?"

"शिकवलं."

"मग एका माणसासाठी दीडशे माणसं पणाला लावायची?"

मी चिडलो. खरं उत्तर द्यायचं नसलं की मी चिडतो, ही माझी जुनी खोड आहे. "तुझ्या आकडेमोडीत माणसाला आवाज नसतो," असं काहीतरी बोललो आणि घावणे झाकून ठेवले. "तू काहीतरी लपवतोयस," ती म्हणाली आणि कामाला गेली.

पण पोरगी माझीच. आठ दिवसांनी येऊन म्हणाली, "ठोके घातलेत. चाचणी घेणाऱ्या कमोडोर रणदिव्यांची एक अट आहे. खरं जहाज, खरा टॉर्पेडो. जहाज सहा तास तरंगलं तर ठोके राहतील. आधी बुडलं तर ठोके कायमचे काढायचे. आणि ऐकायला एक माणूस हवा. उत्तर आलं तर यंत्र थांबेल आणि त्या माणसाला विचारेल. मी तुझं नाव दिलंय."

"जहाज कुठलं?"

ती जरा घुटमळली. "तिलारी. भंगारातच जायची होती."

चाचणीच्या आदल्या दिवशी गोदीतल्या लोकांनी 'तिलारी'ची पूजा केली. जहाज शेवटचं निघतं तेव्हा नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, ही तिथली रीत. मीही गेलो. ज्याने पुढाकार घेतला तो जयवंत कुबल, आमच्याच गावचा, माझ्या अकराव्या तुकडीतला, आता नौदल सोडून गोदीत मुकादम. भारी बडबड्या. वर्गात त्याने मला तीन ठोक्यांवरून इतकं पिडलं होतं, की मी त्याला शंभर वेळा ठोके द्यायची शिक्षा केली होती, आणि त्याने ते लेझीमच्या तालावर दिले होते.

"मास्टर," तो मोठ्या आनंदाने म्हणाला, "खाली शाफ्टच्या कप्प्यातपण दिवा लावलाय. बाबलदादांच्या नावाने. नारळ ठेवलाय, पेढे ठेवलेत."

आणि मग व्हायचं तेच झालं. मी त्याच्यावर सगळ्यांसमोर फाटलो. "जहाजावर उघडा दिवा? खाली तेलाचे डाग असतात, एवढंही विसरलास? हेच शिकवलं का रे मी तुला? विझव आधी!" त्याचं तोंड एवढंसं झालं. "विझवतो, मास्टर," म्हणाला. मी मागे वळूनही न बघता धक्क्यावर उतरलो. दिव्याचा राग नव्हता तो. त्या कप्प्यात कुणीतरी बाबलचं नाव घेतलं, याचा होता.

चार वाजता टग 'तिलारी'ला ओढत समुद्रात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही तीन मैलांवर एका मदतजहाजावर उभे होतो. शमिका रेलिंगला धरून दोनदा ओकली. मी म्हटलं, "काय गं, सारंगांची पोर आणि बोट लागते? आजोबांना कळलं तर वरून खाली येतील." ती ओठ पुसत हसली. आत नियंत्रणकक्षात तिचा पडदा, माझे हेडफोन, आणि आमच्या मागे हात बांधून उभे कमोडोर रणदिवे. उंच, सडपातळ, कामापुरतं बोलणारा माणूस.

टॉर्पेडो लहान होता, मागच्या डाव्या बाजूला लागला. समुद्रातून पांढरा खांब उठला आणि मग आवाज आला. पडद्यावर चार कप्पे लाल झाले. यंत्राने ठोकायला सुरुवात केली. माझ्या कानात पहिल्या कप्प्यातले तीन ठोके, मग पाण्याचा घोष. उत्तर नाही. लाह्या फुटल्या. दुसरा कप्पा, उत्तर नाही. तिसरा, नाही. चौथा शाफ्टचा कप्पा. स्फोटापासून दोन कप्पे मागे, नुसत्या शिवणी उसवलेल्या, त्यामुळे पाणी सावकाश चढत होतं.

टक टक टक.

आणि एक ठोका.

पडदा पिवळा झाला. यंत्र थांबलं. माझ्या बोटाखाली बटण होतं, ते दाबलं की लाह्या फुटणार होत्या.

"काय झालं?" रणदिव्यांनी विचारलं.

"उत्तर आलंय. एक जण."

"मास्टर चीफ, जहाज रिकामं आहे. काल एकोणीस माणसं चढली, एकोणीस टोकनं फळ्यावर परत आली. आत काहीतरी सुटून आपटतंय. सोडा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. सुटलेली साखळी, लोंबती शिडी, कशाचाही एक ठोका येऊ शकतो. दोन असते तर गोष्ट वेगळी होती. 'तिलारी' सहा अंश कलली होती. पाणी घोट्याच्या वर गेलं होतं.

मी बटण दाबलं नाही.

"शमिका," रणदिवे म्हणाले, "तुमच्याकडूनही सोडता येतं. सोडा. नाहीतर सगळी चाचणी हातची जाईल."

तिचा हात कीबोर्डवर होता. सहा वर्षांचं काम होतं तिचं. ती माझ्याकडे वळली. "बाबा, खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग एकोणीस वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलं. "खात्री नाही गं. पण त्या कप्प्याची झडप मागे एकदा मी लावली होती, आत बाबल होता, आणि मी ठोकलं नव्हतं. मुद्दाम ठोकलं नव्हतं. उत्तर येईल या भीतीने. आज मी ठोकलंय आणि उत्तर आलंय. माझ्याच्याने हे बटण दाबवणार नाही. तुला दाबायचं असेल तर दाब, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही."

शमिकाने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण डोकं चालू होतं.

"जहाज किती सेकंदांनी डुलतंय?" तिने शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं.

"नऊ."

"बाबा, सुटलेली वस्तू जहाजाच्या डुलण्याबरोबर वाजणार. दर नऊ सेकंदांनी, आपण ठोको वा न ठोको. माणूस आपल्या ठोक्यांनंतर वाजवणार. मी हातोडी वेड्यावाकड्या वेळांना मारते. तू सांग."

तिने ठोके दिले. उत्तर, एक. वीस सेकंद काही केलं नाही. कानात नुसतं पाणी. पुन्हा तीन. उत्तर, एक. लगेच चार सेकंदांनी पुन्हा तीन. उत्तर, एक, जरा चिडल्यासारखं. मग पुढे आणखी काहीतरी वाजू लागलं. टक टक टकटक, टक टक टकटक. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. लेझीम!

"जयवंत आहे!" मी ओरडलो. "जयवंत कुबल आहे आत! गोदीला फोन लावा!"

दोन मिनिटांत फोनवर गोदीतला एक माणूस रडत होता. "साहेब, त्याचं टोकन मी टांगलं. तो म्हणाला, मास्टर ओरडलेत, दिवा विझवून येतो, माझं तेवढं टांग. मला वाटलं, परस्पर घरी गेला." झडपा बाहेरून बंद करणाऱ्यांनी फळा बघितला, एकोणीसच्या एकोणीस टोकनं दिसली, आत कुणी डोकावलं नाही. घरचे समजले, टगबरोबर गेला असेल. आणि टगवाल्यांना तर तो आत आहे हेच ठाऊक नव्हतं. धागा पाणी शिरल्यावरच जागा होतो, म्हणून रात्रभर त्याने वाजवलेलं कुणाच्या कानावर गेलं नाही. आता कुणाला शिव्या घालू? त्याला खाली पाठवणारा मीच होतो.

'तिलारी' अकरा अंशांवर होती. मदतीची बोट पाण्यात उतरली, पण तिला पोचायला, माणसं वर चढायला, झडप उघडायला पाऊण तास हवा होता. शमिकाने पडद्यावर भराभर काहीतरी मांडलं आणि रणदिव्यांकडे वळली.

"सर, उजव्या बाजूच्या टाक्यांत मी मुद्दाम पाणी घेते. जहाज सरळ होईल, शाफ्टच्या कप्प्याकडचा दाब कमी होईल. पण ते खोल बसेल. मग सहा तास तरंगणार नाही."

"किती तरंगेल?"

"माणूस काढेपर्यंत."

रणदिव्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "घ्या पाणी," ते म्हणाले.

त्या पाऊण तासाबद्दल मी फारसं सांगू शकत नाही. दर दोन मिनिटांनी शमिका तीन ठोके द्यायची, मी एक मोजायचो आणि मोठ्याने म्हणायचो, "एक." खोलीतली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. एकदा उत्तर आलं नाही. पुन्हा दिले, तरी नाही. तिसऱ्यांदा दिले तेव्हा आलं, अगदी हळू. पाणी छातीपर्यंत चढलं होतं आणि तो शिडीवर वर सरकत होता, हे मागाहून कळलं. शमिकाने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता. तो तिने पाऊण तास काढला नाही.

मग बोटीवरच्या पोरांचा आवाज आला. "झडपेवर पोचलो. उघडतोय."

"थांबा," मी म्हटलं. "आधी ठोका. घाबरेल तो."

त्यांनी ठोकलं. एक उत्तर आलं. मग झडप उघडली.

'तिलारी' चार तास दहा मिनिटं तरंगली. शेवटी शेपटाकडून शांतपणे खाली गेली, कललीसुद्धा नाही. रणदिव्यांनी टोपी घालून सलाम ठोकला. मीही ठोकला. त्या जहाजाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि ते गेलं तेव्हा लहान पोरासारखा रडलो. शमिकाने मला आत नेऊन बसवलं.

जयवंतला इस्पितळात भेटायला गेलो. शिडीवरून पडल्यामुळे घोटा मोडला होता, डोक्याला टाके होते. पडल्यावर बेशुद्ध होता, म्हणून झडप बंद झालेली त्याला कळली नव्हती. मला बघून उठायला लागला.

"दिवो विझवलंय हां, मास्टरांनू," पहिलं वाक्य हे. मालवणी माणूस मरणाच्या दारातूनही थट्टा घेऊन येतो.

"गप रे गाढवा. रात्रभर काय केलंस?"

"नारळ फोडून खाल्लंय. पेढे खाल्लंय. बाबलदादाच्या वाटणीचे." मग तो जरा ओशाळला. "चालात ना?"

मी त्याच्या खाटेवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. झडप, हुकूम, न दिलेले ठोके. तो ऐकत राहिला. मी थांबल्यावर त्याने माझा हात धरला.

"सतरा तास त्याच्या कप्प्यात होतंय मी," तो म्हणाला. "काळोखात त्याच्याशीच बोलत होतंय. माका तो रागावलेलो वाटाक नाय, मास्टर."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ नाक शिंकरत बसलो.

महिन्याभराने रणदिव्यांचा अहवाल आला. शमिकाने तो घरी आणून माझ्या हातात दिला आणि आपल्या खोलीत गेली. दोनच ओळी महत्त्वाच्या होत्या. जहाज सहा तास तरंगले नाही, चाचणी अनुत्तीर्ण. ठोके कायम ठेवावेत. खाली शमिकाच्या सुधारणा होत्या: ऐकण्याचा वेळ अकरावरून सात सेकंदांवर आणला आहे, आणि झडपा लागल्यापासून यंत्र दर तासाला ठोकून विचारेल, पाणी शिरायची वाट बघणार नाही. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. जीव भांड्यात पडला. मग घावणे गरम केले, वर ओलं खोबरं घातलं, आणि ताट घेऊन तिच्या खोलीशी गेलो. पोरगी महिनाभर काही धड खात नव्हती. आज मी ऐकून घेणार नव्हतो.

एका हातात ताट, दुसऱ्या हाताने दार वाजवलं. टक टक टक.

टक.

मी कडीला हात घातला.

टक.

मी थांबलो. निनाद विशाखापट्टणमला होता, सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता. घरात आम्ही दोघंच होतो. तिची मोजणी चुकली असेल असं वाटून मी पुन्हा वाजवलं, आणि या वेळी कान दाराला लावला.

आतून दोन ठोके आले. सावकाश, नीट मोजून. मागोमाग तिचं हसू ऐकू आलं, किंवा रडणं असेल, दारातून तेवढं कळत नव्हतं.

कोरा चहा, ते रेलिंगपाशी ओकणं, महिनाभर परत येणारी ताटं. बावीस तुकड्या शिकवलेल्या माणसाला एवढं कळू नये! मी ताट खाली ठेवलं.

"शमे," मी दारातूनच विचारलं, "किती जण म्हणालीस?"

"दोन, बाबा," ती म्हणाली. "उघड आता दार."